स्वयंसेवक सैनिक रोमान रातुश्नी

विद्यार्थिमित्रहो, शूर पुरुषांचीं चरित्रें तुम्हीं आपल्या क्रमिक पुस्तकांतून पुष्कळ वाचलीं असतील. त्यांतील बहुतेक पुरुष फार जुन्या काळांतले. काळाच्या अंतरामुळें ते आपणांस डोंगराएवढे दिसतात, आणि म्हणूनच त्यांचें अनुकरण आपल्या हातून होण्यासारखें आहे असें सहसा वाटत नाहीं. या अडचणीचा विचार करून आम्हीं यंदा अशा एका तरुणाचें चरित्र निवडलें आहे, कीं जो तुमच्यांतील कित्येकांच्या थोरल्या भावाच्या वयाचा होता, आणि ज्यानें कोणतें राज्य जिंकलें नाहीं कीं कोणतें मोठें सैन्य चालविलें नाहीं.

त्याचें नांव रोमान रातुश्नी. युक्रेन देशाची राजधानी जें कीव्ह शहर, तेथें ५ जुलै १९९७ रोजीं तो जन्मला. आणि ९ जून २०२२ रोजीं, वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होण्यास एक महिनाहि उरला नसतां, तो रणांगणावर कामास आला. एवढ्या थोड्या आयुष्यांत त्यानें एका टेंकडीचें रक्षण केलें, सरकाराशीं झगडा केला, आणि शेवटीं देशासाठीं प्राण दिला. हीं तीन कामें वरवर पाहतां एकमेकांपासून अगदीं निराळीं दिसतात. परंतु तीं एकाच स्वभावाचीं फळें होतीं, हें दाखविण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम त्याच्या देशाची थोडी ओळख करून घेऊं. युक्रेन हा पूर्व युरोपांतील विस्तीर्ण, बहुतेक सपाट व सुपीक देश आहे. तेथील काळ्या जमिनींत गहूं उत्तम पिकतो. द्नीप्रो नांवाची मोठी नदी देशाच्या मधून वाहते, व तिच्याच उंच कांठावर कीव्ह वसलें आहे. परंतु ही सुपीक जमीन तेथील लोकांस नेहमीं सुखाचीच झाली असें नाहीं. रशियन सम्राटांच्या व पुढें सोव्हिएट संघाच्या सत्तेखालीं देशाचा मोठा भाग दीर्घ काळ होता. १९३२-३३ सालीं सरकारनें शेतकऱ्यांचें धान्य जबरदस्तीनें काढून नेल्यामुळें जो दुष्काळ पडला, त्यांत ऐन गव्हाच्या देशांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. १ डिसेंबर १९९१ रोजीं तेथें सार्वमत घेण्यांत आलें, तेव्हां शेंकडा नव्वदांहून अधिक मतें स्वातंत्र्याच्या बाजूनें पडलीं. १९९४ सालीं बुडापेस्ट येथें युक्रेननें आपल्या भूमीवरील अण्वस्त्रें सोडून देण्याचें मान्य केलें, आणि त्याच्या मोबदल्यांत रशिया, ब्रिटन व अमेरिका या तीन राष्ट्रांनीं त्याच्या सीमांचा मान राखण्याचें आश्वासन दिलें. हें आश्वासन लक्षांत ठेवावें. पुढील कथेशीं त्याचा संबंध आहे.

रोमानची आई स्वित्लाना पोवाल्यायेवा या लेखिका व कवयित्री, आणि वडील तारास हे पत्रकार. वासिल नांवाचा त्यास एक भाऊ होता. रोमान जन्मला तेव्हां युक्रेनला स्वतंत्र होऊन सहा वर्षें होत आलीं होतीं. परसत्ता त्यानें डोळ्यांनीं पाहिली नव्हती. ज्यानें पारतंत्र्य पाहिलें नाहीं त्यास स्वातंत्र्याची किंमत कळत नाहीं, असें आपण वडीलधारी माणसें पुष्कळदां म्हणतों. रोमानच्या पिढीनें तें म्हणणें खोटें पाडलें.

२०१३ सालच्या नोव्हेंबरांत तेथील राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांनीं युरोपीय संघाशीं व्हावयाच्या करारावर सही करण्याचें ऐन वेळीं नाकारलें. त्याचा निषेध करण्यासाठीं कीव्हच्या मध्यवर्ती चौकांत तरुण मंडळी जमूं लागली. या चौकास युक्रेनी लोक 'माइदान' म्हणतात. हा आपलाच 'मैदान' शब्द. तो फारसींतून एका वाटेनें आपल्या भाषेंत आला आणि दुसऱ्या वाटेनें, तुर्की लोकांच्या तोंडून, तिकडे गेला. रोमान त्या वेळीं सोळा वर्षांचा होता, म्हणजे शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मुलाएवढा. २९ नोव्हेंबरची रात्र संपून पहाट व्हावयाची होती, तोंच पोलिसांच्या एका खास तुकडीनें त्या निःशस्त्र जमावावर लाठ्या चालविल्या. मार खाणारांत रोमानहि होता. पळालेल्या कित्येक मुलांनीं जवळच असलेल्या संत मिखाएलाच्या मठाकडे धांव घेतली, व मठाचीं दारें त्यांच्यासाठीं उघडलीं गेलीं.

मुलांना मारल्याचें वर्तमान शहरांत पसरलें आणि लाखों नागरिक रस्त्यावर आले. थंडीच्या कडाक्यांत तीन महिने तें मैदान लोकांनीं सोडलें नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारींत गोळीबार झाला; या सर्व लढ्यांत सुमारें शंभर माणसें मारलीं गेलीं. त्यांस लोक 'स्वर्गीय शंभर' या नांवानें स्मरतात. राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. लागलीच रशियानें क्रिमिया हा द्वीपकल्प बळकावला, व पूर्वेकडील प्रांतांत युद्ध पेटलें. बुडापेस्ट येथील आश्वासन वीस वर्षांच्या आंत असें कागदावरच राहिलें.

सोळा वर्षांच्या मुलास असा मार बसला म्हणजे बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते: तो कायमचा भितो, किंवा मनांत कायमचा सूड धरून बसतो. रोमाननें या दोन्ही वाटा टाकून तिसरी धरली. त्यानें कायद्याचें शिक्षण घेतलें. मैदानावर झालेल्या अन्यायाचा निकाल लागावयास किती काळ लागला पाहा! अनेकांनीं आणलेल्या खटल्यांत स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें जानेवारी २०२१ मध्यें निर्णय दिला, कीं निदर्शकांच्या हक्कांचा सरकारी यंत्रणेनें भंग केला होता. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ गेला. लाठी एका क्षणांत पडते. तिचा न्याय मिळण्यास धीर लागतो. हा धीर रोमाननें पुढें स्वतःच्या कामांत दाखविला.

कीव्ह शहरांत टेंकड्या पुष्कळ आणि त्यांच्यामधून घळीहि पुष्कळ. अशा घळीस युक्रेनी भाषेंत 'यार' म्हणतात. शहराच्या सोलोम्यान्स्की विभागांत प्रोतासिव यार नांवाची एक घळ आहे. तिचा उतार झाडींनें भरलेला असून हिंवाळ्यांत तेथें बर्फावरून घसरण्याचा खेळ चालतो. सुमारें तीस लाख वस्तीच्या शहरांत मोकळी हिरवी जागा किती मोलाची असते, हें ज्यांनीं मुंबई-पुण्यासारखीं शहरें पाहिलीं आहेत त्यांस सांगावयास नको. या उतारावर चाळीस-चाळीस मजल्यांचे तीन मनोरे बांधण्याची योजना निघाली. २०१९ सालीं रोमान व आसपासचे रहिवासी एकत्र आले आणि या घळीच्या रक्षणासाठीं त्यांनीं एक चळवळ उभारली. तिचा पुढारी होता बावीस वर्षांचा रोमान.

हा लढा कसा चालला तें लक्षांत घेण्यासारखें आहे. मोर्चे निघाले, सभा झाल्या, हें खरेंच. परंतु मुख्य काम कागदांचें होतें. हिरवळीची म्हणून नोंदलेली जमीन इमारतीची कशी झाली, कोणत्या अधिकारानें झाली, त्यांत नियम कोठें मोडला, हें शोधावें लागे. न्यायालयांत खेपा घालाव्या लागत. नगरसभेंत गाऱ्हाणें पुनः पुन्हां मांडावें लागे. हें काम कंटाळवाणें असतें. त्यांत टाळ्या मिळत नाहींत. उलट धमक्या मात्र मिळाल्या. २०१९ सालच्या शरदांत आपल्या जिवास धोका असल्याचें रोमाननें उघड सांगितलें, व कांहीं काळ त्यास लपून राहावें लागलें. तरी त्यानें काम सोडलें नाहीं. शेवटीं ते तीन मनोरे उभे राहिले नाहींत, आणि उतारावरील झाडें जागच्या जागीं राहिलीं.

अशा माणसास सरकारदरबारीं मित्र थोडेच असणार! मार्च २०२१ मध्यें राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीपुढें मोठीं निदर्शनें झालीं व इमारतीची नासधूस झाली. तींत हात असल्याचा आरोप रोमानवर ठेवण्यांत आला, आणि त्यास कांहीं काळ घरांतच स्थानबद्ध करण्यांत आलें. त्यानें आरोप साफ नाकारला. या गोष्टीस एक वर्षहि झालें नव्हतें, तोंच युद्ध आलें.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटें रशियन सैन्यानें उत्तर, पूर्व व दक्षिण अशा तिन्ही बाजूंनीं युक्रेनवर स्वारी केली. त्या दिवसांची आठवण आमच्या महाराष्ट्रांतहि कित्येक घरांत आहे. कारण वैद्यकीय शिक्षणासाठीं तिकडे गेलेलीं हजारों भारतीय मुलें, त्यांत मराठी मुलेंहि, कीव्ह, खारकिव्ह वगैरे शहरांतून तळघरांच्या आश्रयानें दिवस काढीत होतीं, आणि येथें त्यांचे आईबाप टेलिफोनजवळ बसून होते. भारत सरकारनें 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेनें शेजारच्या देशांत विमानें पाठवून त्यांना घरीं आणलें. तीं मुलें परत आलीं हें योग्यच झालें. त्यांचें घर येथें होतें. रोमानचें घर तेथें होतें.

येथें 'स्वयंसेवक' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. लष्करी कायदा पुकारल्यावर अठरा ते साठ वर्षांच्या पुरुषांस देश सोडून जाण्यास तेथें मनाई झाली, हें खरें. परंतु ज्यांनीं पूर्वीं सैन्यांत चाकरी केली नव्हती अशा तरुणांस युद्धावर सक्तीनें बोलाविण्याचें वय त्या काळीं सत्तावीस होतें. २०२४ सालीं तें पंचविसावर आणण्यांत आलें. रोमान चोवीस वर्षांचा होता. तो आपल्या घरीं राहता तर कोणताहि कायदा त्याचें दार ठोठावूं शकला नसता. शिवाय ज्या सरकारनें आदल्याच वर्षीं त्याच्या दाराशीं पहारा बसविला, त्याच्यासाठीं मीं कां मरावें, असें म्हणावयास त्यास जागा होती. त्यानें तसें म्हटलें नाहीं. सरकार आज आहे, उद्यां बदलेल; देश मात्र बदलून मिळत नाहीं, हा भेद त्याच्या मनांत स्पष्ट असला पाहिजे. प्रोतासिव यारच्या लढ्यांतले त्याचे सोबती व इतर मित्र यांच्यासह त्यानें स्वयंसेवकांची एक तुकडी उभी केली आणि ती राजधानीच्या रक्षणास लागली. जे कालपर्यंत झाडांसाठीं अर्ज लिहीत होते, त्यांनीं आज बंदुका उचलल्या.

शत्रु कीव्हच्या उपनगरांपर्यंत आला होता. परंतु शहर पडलें नाहीं. मार्चच्या अखेरीस त्यास उत्तरेकडून माघार घ्यावी लागली. राजधानीच्या रक्षणाचें काम करूनच रोमान थांबला असता तरी कोणी नांव ठेवलें नसतें. पण तो सैन्याच्या ९३ व्या ब्रिगेडींत दाखल झाला. या ब्रिगेडीचें नांव 'खोलोद्नी यार', म्हणजे थंड घळ. चेर्कासी प्रांतांत त्या नांवाचें एक जुनें अरण्य आहे. १९१९ ते १९२२ या काळांत तेथील बंडखोर शेतकऱ्यांनीं परसत्तेशीं झुंज दिली होती, त्यांच्या स्मरणार्थ हें नांव ठेविलेलें आहे. एका घळीच्या रक्षणापासून निघालेला हा तरुण असा दुसऱ्या घळीच्या निशाणाखालीं आला.

रणांगणावर सैनिक एकमेकांस खऱ्या नांवानें हाक मारीत नाहींत. प्रत्येकास एक टोपणनांव असतें. रोमानचें टोपणनांव होतें 'सेनेका'. सेनेका हा प्राचीन रोममधील तत्त्वज्ञ. आयुष्य किती लांबलें यापेक्षां तें कसें वेंचलें यास तो अधिक महत्त्व देई. रोमानचें काम टेहळणीचें होतें. टेहळणी करणाऱ्यास आपल्या फळीच्या पुढें जावें लागतें. शत्रु कोठें आहे, किती आहे, त्याच्या तोफा कोठें दडविल्या आहेत, हें पाहून त्यानें परत यावयाचें, कीं मागच्या शेंकडों माणसांनीं आंधळेपणानें मृत्यूच्या तोंडीं जाऊं नये. म्हणजे इतरांचे डोळे होण्याचें हें काम. सुमी प्रांतांतील त्रोस्त्यानेत्स हें गांव २६ मार्च २०२२ रोजीं मुक्त झालें. त्या लढाईंत रोमान होता. तेथून ब्रिगेड खारकिव्ह प्रांतांतील इझ्यूमच्या आघाडीवर गेली. इझ्यूम शहर शत्रूच्या ताब्यांत गेलें होतें आणि त्याच्या भोंवतीं घनघोर लढाई चालली होती. त्याच आघाडीवर ९ जून रोजीं कामगिरीवर असतां रोमान पडला.

मे महिन्यांतच त्यानें आपलें मृत्युपत्र लिहून ठेविलें होतें. चोविसाव्या वर्षीं मृत्युपत्र लिहावें लागणें यांत युद्धाची सारी क्रूरता आली. त्यांत त्यानें आपल्या जन्मशहराचाहि निरोप घेतला आहे. आपण कीव्हपासून दूर पडलों तरी कीव्हसाठींच पडलों, अशा आशयाचे त्याचे शब्द पुढें त्या शहरांत घरोघरीं पोंचले.

१८ जून २०२२ रोजीं त्याचा अंत्यविधि झाला. प्रार्थना झाली ती संत मिखाएलाच्या मंदिरांत. मैदानावर मार खाल्लेल्या मुलांस ज्या मठानें २०१३ सालीं आसरा दिला, तोच हा मठ. हें प्राचीन मंदिर सोव्हिएट सत्तेनें १९३० नंतरच्या दशकांत पाडून टाकलें होतें. स्वतंत्र युक्रेननें तें पुन्हां उभारावयास घेतलें तें १९९७ सालीं, म्हणजे रोमानच्या जन्माच्याच वर्षीं. बायकोवे स्मशानभूमींत त्यास मूठमाती देण्यांत आली. त्याच वर्षीं कीव्हच्या नगरसभेनें सोलोम्यान्स्की विभागांतील एका रस्त्याचें जुनें नांव बदलून त्यास रोमान रातुश्नीचें नांव दिलें. ज्या नगरसभेपुढें तो गाऱ्हाणीं घेऊन उभा राहत असे, तिच्याच ठरावांत त्याचें नांव लिहिलें गेलें. इझ्यूम शहर सप्टेंबर २०२२ मध्यें मुक्त झालें. तो दिवस पाहण्यास तो तीन महिन्यांनीं मुकला.

ही कथा येथेंच संपली असती तर बरें झालें असतें. परंतु त्याचा भाऊ वासिल हाहि सैन्यांत होता, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत तोहि लढतांना पडला. दोन्ही मुलगे एका आईनें दिले. वीरांची स्तुति करतांना आपण या घराचें दार ओलांडून आंत पाहत नाहीं. तेथें दोन रिकाम्या जागा आहेत, आणि कोणत्याहि रस्त्याला दिलेल्या नांवानें त्या भरून निघत नाहींत.

म्हणून आम्हीं स्पष्ट सांगतों, कीं हें चरित्र लिहिलें तें तुम्हांस युद्धाची गोडी लागावी म्हणून नव्हे. रोमानला युद्ध नको होतें. त्या उतारावरच्या झाडांखालीं त्यानें म्हातारें व्हावें, हेंच योग्य होतें. ज्या बाजूनें स्वारी केली तिच्याकडीलहि हजारों तरुण मेले, आणि त्यांच्याहि आया रडल्या. हें सर्व ज्यांनीं आरंभिलें, त्यांच्या माथीं या दुहेरी दुःखाचा भार आहे.

तर मग यांतून शिकावें काय? पहिली गोष्ट ही, कीं शौर्य हें एकाएकीं आकाशांतून पडत नाहीं. फेब्रुवारीच्या त्या पहाटें रोमान धैर्यवान झाला असें नाहीं. तो आधीं कित्येक वर्षें लहान कामांतून त्याचा अभ्यास करीत होता. गांवकीच्या सभेंत उभें राहून खरें बोलणें, कंटाळा न करतां कागद वाचणें, धमकी आली तरी हातचें काम न टाकणें, हीच त्याची तालीम होती. दुसरी गोष्ट, ज्यास देशावर प्रेम आहे त्यानें सरकाराच्या चुका झांकाव्या असें नाहीं, आणि सरकाराचा राग आला म्हणून देशाकडे पाठ फिरवावी असेंहि नाहीं. या दोन्ही गोष्टी एका मनांत सुखानें नांदूं शकतात, हें त्यानें करून दाखविलें. तिसरी गोष्ट, अन्यायाचा मार खाल्लेल्या माणसास कायद्याचा अभ्यास करतां येतो. सूड घेण्यापेक्षां हें कठीण आहे, पण टिकतें तेंच.

पालकांसहि आमची एक विनंती आहे. आपल्या गल्लींतील झाड कां तोडलें, ओढा कां बुजविला, असें मूल विचारतें, तेव्हां 'तुला काय करावयाचें आहे' असें म्हणून त्यास गप्प बसवूं नये. त्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास त्याच्याबरोबर चार पावलें जावें. उत्तम नागरिक असेच घडतात. आणि रोमान सैनिक झाला तो आधीं उत्तम नागरिक होता म्हणूनच.

आणि मित्रहो, तुम्हांवर रोमानसारखा प्रसंग कधींहि न येवो, हीच आमची इच्छा आहे. पण प्रत्येकाच्या गांवांत एखादी घळ, एखादी विहीर, एखादें मैदान असतेंच, कीं ज्याची काळजी करणें हें कोणाचेंच काम नाहीं असें सर्वांस वाटतें. तें आपलें काम आहे असें ज्यास वाटेल, त्यानें हें चरित्र नीट वाचलें असें आम्हीं समजूं.